बंदुकीचा हिशेब

दोन वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर एक अर्ज आला. निवृत्तीला चार महिने उरलेला हवालदार, चोवीस वर्षांची सेवा, गाव भिंड जिल्ह्यात. अर्ज होता बारा बोअरच्या दुनाळी बंदुकीच्या परवान्यासाठी. युनिटने सेवेचा दाखला द्यायचा, ओळख पटवायची आणि कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचे, एवढेच माझे काम. सुभेदार साहेबांनी फाइल उघडून बोट ठेवले होते, “साहब, यहाँ साइन.” सही करायला दोन सेकंद लागली असती. मी फाइल ठेवून घेतली.

त्याची कारणे दोन. पहिले सर्वांना माहीत असलेले. जम्मू-काश्मीरमध्ये बंदुकीच्या परवान्यांचा जो घोटाळा २०१७ साली राजस्थान पोलिसांनी उघडकीला आणला आणि पुढे सीबीआयकडे गेला, त्यात २०१२ ते २०१६ या काळात पावणेतीन लाखांहून अधिक परवाने अपात्र लोकांना दिल्याचे सीबीआयचे म्हणणे होते. त्यातले कितीतरी सैनिकांच्या नावावर, खोट्या सेवा-कागदांवर निघाले होते. तेव्हापासून अशा कागदावर सही करताना हात जरा थांबतो.

दुसरे कारण अर्जातच होते. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार बंदूक सुरक्षित कशी आणि कुठे ठेवणार याची हमी अर्जदाराला द्यावी लागते. त्या जागी हवालदाराने एकच शब्द लिहिला होता : घर.

चोवीस वर्षे ज्याने कोतमधून हत्यार काढले आणि कोतमध्ये जमा केले, त्याला बंदूक कुठे ठेवणार या प्रश्नाला ‘घर’ एवढे उत्तर पुरेसे वाटावे, याचे मला नवल वाटले. मग वाटले, यात त्याचा दोष कमी. आपल्या देशात बंदुकीवर दीडशे वर्षे वाद चालू आहे, पण तो बहुतेक वेळा ‘कोणाला द्यायची’ एवढ्यावरच अडकला आहे. दिल्यानंतर तिचा हिशेब कोण ठेवणार, हा प्रश्न मागेच राहिला. आजचा लेख त्याबद्दल.

काढून घेतलेली हत्यारे

१८५७ पूर्वी हिंदुस्थानात, विशेषतः अवधमध्ये, हत्यार ही घरातली सर्वसाधारण वस्तू होती. तालुकदारांच्या मातीच्या गढ्या होत्या, तोफा होत्या, आणि शेतावर जाणारा माणूसही तलवार किंवा तोड्याची बंदूक बाळगायचा. बंगाल आर्मीचे शिपाई याच मुलखातून भरती होत. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी अवधच्या गढ्या पाडल्या; शेकडो तोफा, लाखाच्या वर बंदुका आणि लाखो तलवारी गोळा केल्या. १८६० साली सर्वसाधारण कायदा झाला आणि १८७८ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या काळात प्रसिद्ध ‘इंडियन आर्म्स अ‍ॅक्ट’ आला. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही याच लिटनचा, याच वर्षीचा. शाई आणि दारू, दोन्हींवर एकाच वर्षी पहारा बसला.

या कायद्याचा हेतू खून कमी करणे हा नव्हता. तसे असते तर तो सर्वांना सारखा लागू झाला असता. युरोपीय आणि अँग्लो-इंडियन लोकांना त्यातून सूट होती. परवाना लागायचा तो ‘नेटिव्हां’ना. म्हणजे कायदा विचारत होता ते एवढेच : तू कोण आहेस, आणि सरकारचा तुझ्यावर विश्वास आहे का?

ज्यांच्यावर विश्वास नव्हता त्यांनी काय केले, हे मराठी वाचकाला सांगायला नको. कायदा झाला त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशांना बरोबर घेऊन बंड उभारले. तीस वर्षांनी सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात पाठवली आणि त्यांतल्याच एका पिस्तुलाने अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. ज्याने निश्चयच केला आहे त्याला परवान्याचा कायदा अडवू शकत नाही, हा मुद्दा तेव्हाही खरा होता. पण कायद्याने कोट्यवधी सामान्य माणसांचे घर मात्र हत्यारावाचून रिकामे केले. हेही तितकेच खरे.

सूट मिळालेला जिल्हा

या साऱ्या काळात देशाच्या नकाशावर एक छोटा तुकडा असा होता, की जिथल्या लोकांची हत्यारे कोणी घेतली नाहीत. कोडगू, म्हणजे कूर्ग. १८५७ मध्ये कोडव लोक इंग्रजांशी एकनिष्ठ राहिले, म्हणून १८६१ साली म्हैसूर-कोडगूचे कमिशनर मार्क कबन यांनी त्यांना शस्त्रबंदीच्या कायद्यातून सूट दिली. म्हणजे अवधला मिळाली ती शिक्षा आणि कोडगूला मिळाले ते बक्षीस, कायदा एकच. हे मी आपल्या कूर्गी मित्रांना दुखवण्यासाठी लिहीत नाही. ज्या जिल्ह्याने फील्ड मार्शल करिअप्पा आणि जनरल थिमय्या दिले, त्याच्या निष्ठेबद्दल बोलण्याची माझी पात्रता नाही. मला फक्त दाखवायचे आहे की सूट देतानाही सरकारने विचार केला तो निष्ठेचा, सुरक्षिततेचा नव्हे.

पण पुढे जे झाले ते विचार करायला लावते. स्वातंत्र्यानंतर ती सूट टिकली. १९६३ मध्ये केंद्र सरकारने ती पुन्हा दिली : कोडव वंशाच्या व्यक्तीला आणि जम्मा जमीनधारकांना. २०१९ मध्ये ती आणखी दहा वर्षांनी, ऑक्टोबर २०२९ पर्यंत, वाढवली. एका निवृत्त कॅप्टननेच तिला न्यायालयात आव्हान दिले. जातीच्या आणि जमिनीच्या आधारावर अशी सवलत आजच्या संविधानात कशी बसते, असा त्यांचा सवाल होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये सूट कायम ठेवली. मला त्या कॅप्टनचा सवाल चुकीचा वाटत नाही, आणि न्यायालयाचा निकालही समजू शकतो.

काही वर्षांपूर्वी एका कोर्समेटच्या घरी मी कैलपोद सणाला गेलो होतो. सप्टेंबरचा पहिला आठवडा, भाताची लावणी संपलेली, पाऊस थांबत-लागत होता. देवघरासमोर घरातल्या बंदुका पुसून-तेल लावून मांडल्या होत्या आणि नळीत कळलावीची फुले खोचलेली. आपल्याकडची खंडेनवमीची शस्त्रपूजाच, फक्त शस्त्रे खरोखर चालणारी. संध्याकाळी झाडाला बांधलेल्या नारळावर नेमबाजी झाली. सांगायला लाज वाटते, पण माझ्या तीन गोळ्या वाया गेल्या आणि कोर्समेटच्या साठीच्या आत्याने पहिल्याच गोळीत नारळ फोडला. तिथे मुलगा जन्मला की एक बार काढतात आणि माणूस गेला की दोन. दरीतल्या शेजाऱ्यांना बातमी कळते.

मला लक्षात राहिले ते वेगळेच. पूजा झाल्यावर कोर्समेटच्या काकांनी एकेक बंदूक उघडून नळी रिकामी आहे हे स्वतः पाहिले, मग दुसऱ्याला दाखवले, मग कपाटात ठेवून कुलूप लावले. किल्ली त्यांच्या कंबरेला. सूट असली तरी जिल्हा कचेरीतून घेतलेले सूट-प्रमाणपत्र त्याच कपाटात होते. त्या घरात कोणती बंदूक कोणत्या वर्षी कोणी घेतली हे सगळ्यांना तोंडपाठ होते. कोडगूत कधी रागाच्या भरात घरातल्या बंदुकीची गोळी चालली नाही असे नाही. तशा बातम्या तिथल्या वर्तमानपत्रांतही येतात. पण बंदूक घराण्याची, आणि तिच्याबद्दल घराणे जबाबदार, ही रीत तिथे कायद्याच्या आधीपासून आहे.

गांधीजींचे एक वाक्य आणि आंबेडकरांचे उत्तर

अमेरिकेतल्या बंदूकवाद्यांना गांधीजींचे एक विधान फार आवडते. ब्रिटिश राज्याच्या अनेक दुष्कृत्यांमध्ये साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा इतिहास सर्वांत काळा ठरवील, अशा अर्थाचे. अहिंसेचा पुजारीसुद्धा आमच्या बाजूचा, असे सांगायला ते बरे पडते. विधान खरे आहे, पण त्याची जागा सांगितली जात नाही. १९१८ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, गांधीजी खेडा जिल्ह्यात गावोगाव फिरून सैन्यभरती करत होते. ते विधान त्या भरतीच्या पत्रकातले. हत्यार चालवायला शिकायचे असेल आणि कायदा रद्द करून घ्यायचा असेल तर सैन्यात या, असा त्याचा रोख. म्हणजे ज्या वाक्याचा उपयोग आज ‘घरोघरी बंदूक’ म्हणून केला जातो, ते खरे तर सैन्यभरतीचे आवाहन होते. लोक फारसे आले नाहीत, हेही त्यांनीच पुढे लिहून ठेवले.

शस्त्रकायद्याविरुद्ध राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून आवाज उठवला होता. १९२८ च्या नेहरू अहवालात आणि १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाच्या मूलभूत हक्कांत घातला होता. तेव्हा १९४८ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला संविधान सभेत हरि विष्णू कामत उठले आणि त्यांनी हा हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली, यात विचित्र काही नव्हते. कामत आयसीएस सोडून सुभाषबाबूंबरोबर गेलेले. इतकी वर्षे मागितले ते आता आपल्याच हाती असताना का सोडायचे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

डॉ. आंबेडकरांनी दुरुस्ती नाकारली. त्यांच्या उत्तरात दोन गोष्टी होत्या. एक, कोणालाही बाजारात जाऊन कोणतेही हत्यार विकत घेण्याचा हक्क असेल तर राज्यकारभार चालणार कसा? आणि दुसरी, सैनिकाने लक्षात ठेवण्यासारखी : नव्या परिस्थितीत आग्रह धरायचा तर शस्त्र धरण्याच्या हक्काचा नव्हे, राज्याला गरज पडेल तेव्हा शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा धरायला हवा. दुरुस्ती नामंजूर झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना हत्यारांचा विषय स्वतःहून हाती घेतला, तेव्हाही न्यायमूर्तींनी हेच सांगितले : अमेरिकेत आहे तसा हत्याराचा मूलभूत हक्क आपल्याकडे नाही.

१९५९ चा शस्त्र कायदा मात्र उदार मनाने लिहिला होता. परवाना नाकारायचा असेल तर कारण लेखी नोंदवावे, निव्वळ पुरेशी मालमत्ता नाही म्हणून नाकारू नये, नकाराविरुद्ध अपील करता यावे, अशा तरतुदी त्यात आहेत. गोऱ्या-काळ्याचा भेद गेला. पण प्रत्यक्षात परवाना देणे न देणे जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती राहिले, आणि उत्तरेतल्या अनेक जिल्ह्यांत त्याचे एक वजन तयार झाले. २००८ साली मध्य प्रदेशातल्या शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषाला बंदुकीचा परवाना लवकर मिळेल अशी योजना निघाली, आणि शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांची संख्या वाढली. वाचून हसू येते. पण त्यामागचा हिशेब सरळ होता : पुरुषपणा गेल्याची भीती वाटणाऱ्याला पुरुषपणाची दुसरी खूण द्या. बंदूक हे तिथे संरक्षणाचे साधन कमी आणि प्रतिष्ठा जास्त. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढून माणसे मारली जातात ती यातूनच. अखेर २०१९ च्या दुरुस्तीत त्यासाठी वेगळी शिक्षा लिहावी लागली आणि एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारांची मर्यादा आली.

आकडे काय सांगतात

आता खरा वाद. एक बाजू म्हणते, सज्जनाच्या हाती बंदूक असली की गुन्हेगार घाबरतो. दुसरी म्हणते, बंदुका जितक्या जास्त तितके खून जास्त. आपल्या देशाचे आकडे दोघांनाही अडचणीचे आहेत.

२०१६ च्या अखेरीस गृह मंत्रालयाच्या नोंदीनुसार देशात सुमारे ३३ लाख ७० हजार परवाने चालू होते. त्यातले १२ लाख ७८ हजार एकट्या उत्तर प्रदेशात. महाराष्ट्रात ८४ हजार. बिहारमध्ये ८२ हजार. लोकसंख्येच्या मानाने पाहिले तर उत्तर प्रदेशात महाराष्ट्राच्या आठपट परवाने.

आता खून. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या २०२२ च्या अहवालात देशात २८,५२२ खून नोंदले गेले. दर लाख लोकांमागे २.१. उत्तर प्रदेशात हा दर १.५, महाराष्ट्रात १.८, बिहारमध्ये २.३. म्हणजे आठपट परवाने असलेल्या राज्याचा दर आपल्यापेक्षा कमी, आणि आपल्याइतकेच परवाने असलेल्या बिहारचा आपल्यापेक्षा जास्त. पोलिसांच्या नोंदीत उणे-अधिक असते हे मान्य. तरी प्रेत लपवणे इतर गुन्हे लपवण्यापेक्षा अवघड. परवान्यांचा आकडा आणि खुनांचा आकडा हातात हात घालून चालत नाहीत, एवढे यावरून नक्की म्हणता येते. पुण्यातल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. तिथल्या टोळ्यांच्या बातम्या कोयत्याच्या असतात.

काळाच्या अंगानेही तेच. ब्युरोची मालिका १९५३ पासूनची. त्या वर्षी ९,८०२ खून होते, दर साधारण अडीचच्या वर. १९९२ मध्ये ४०,१०५ खून, दर ४.६. आणि तिथून तीस वर्षांत तो निम्म्याखाली आला. या तीस वर्षांत कोणी मोठ्या प्रमाणावर परवाने जप्त केले नाहीत.

मग बंदुकीने काहीच फरक पडत नाही? तसेही नाही. अमेरिकेकडे पाहा. जिनिव्हाच्या स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेच्या २०१७ च्या अंदाजाने तिथे दर शंभर माणसांमागे १२० बंदुका आहेत; भारतात पाच. २०२१ मध्ये अमेरिकेत २६ हजार खून झाले, दर लाखाला ७.८, आणि त्यातले जवळजवळ २१ हजार बंदुकीने. अमेरिकन माणूस इतर श्रीमंत देशांतल्या माणसापेक्षा फार जास्त भांडतो असे नाही. पण भांडणात हाताशी बंदूक असली की मुक्कामाराने संपायचे ते भांडण मर्तिकाने संपते. जखमी करणे आणि मारणे यांतले अंतर बंदूक पुसून टाकते. कोयत्यापासून पळता येते.

आपल्याकडे बंदुकीने होणाऱ्या खुनांत दहांतले आठ-नऊ विनापरवाना हत्याराने होतात, असे ब्युरोच्या नोंदी वर्षानुवर्षे दाखवतात. म्हणजे देशी कट्टा. पाइपाच्या तुकड्यातून आणि गाडीच्या भंगारातून बनणारा, एका वेळी एकच गोळी झाडणारा, कधी चालवणाऱ्याच्याच हातात फुटणारा. बिहारमधल्या मुंगेरला अठराव्या शतकात मीर कासीमने शस्त्रांचा कारखाना काढला होता. तिथले कारागीर पिढ्यानपिढ्या या कामात. काहींना परवाना मिळाला, बाकीच्यांनी चोरून भट्टी लावली. त्या कट्ट्याला नंबर नाही, मालक नाही, नोंद नाही. परवान्याचा कायदा कितीही कडक केला तरी ज्याच्याकडे परवानाच नाही त्याला तो लागणार कुठे? परवानाधारकावर कडक होणे सोपे, कारण त्याचा पत्ता सरकारकडे आहे.

चंबळ

हवालदाराचे गाव चंबळच्या बेहडांच्या काठाला. या मुलखात दोन माणसांचा वाद झाला होता, आणि दोघांचेही आपल्याशी नाते आहे.

मे १९६० मध्ये विनोबा भावे पदयात्रा करत भिंड-मुरैना भागात गेले. मानसिंगचा मुलगा तहसीलदारसिंग फाशीची शिक्षा घेऊन तुरुंगात होता. त्याने विनोबांना पत्र पाठवून बोलावले होते. मेजर जनरल यदुनाथ सिंह यांनी बेहडात जाऊन टोळ्यांशी बोलणी केली. वीस बागी विनोबांपुढे आले आणि त्यांनी रायफली खाली ठेवल्या. गागोद्याच्या ब्राह्मणाच्या पायाशी दुर्बिणीच्या रायफली. देशभर फोटो छापून आले.

मध्य प्रदेश पोलिसांचे प्रमुख तेव्हा के. एफ. रुस्तमजी होते, आपल्या कामठीचे. पुढे बीएसएफ उभी करणारे तेच. त्यांनी या उपक्रमावर उघड टीका केली. डाकूंना संत बनवले तर ज्या शिपायांनी त्यांच्याशी लढताना जीव दिले त्यांच्या घरच्यांना काय सांगायचे, आणि उरलेल्या शिपायांचे मनोबल कसे टिकायचे?

अनेक वर्षे मला वाटायचे यात एकाची बाजू घ्यायलाच हवी. वर्दीतल्या माणसाचा कल अर्थातच रुस्तमजींकडे. आता वाटते, दोघेही एकाच गोष्टीच्या दोन टोकांना उभे होते. चंबळमध्ये माणूस बागी व्हायचा तो बहुतेकदा शेताच्या बांधावरून, भाऊबंदकीतून, ठाण्यात दाद न मिळाल्यामुळे. बंदूक घेऊन बेहडात उतरणे म्हणजे कोर्टाकडून मिळाला नाही तो न्याय स्वतः करणे. विनोबांनी त्याला परत येण्याची वाट दिली. रुस्तमजींनी सांगितले की परत येणाऱ्याने आधी हिशेब द्यावा. बारा वर्षांनी, एप्रिल १९७२ मध्ये जौऱ्याला जयप्रकाशजींपुढे मोहरसिंग, माधोसिंग यांनी हत्यारे ठेवली, तेव्हा सरकार सुरुवातीपासून बरोबर होते, खटले चालले, शिक्षा झाल्या, खुल्या तुरुंगाची सोय झाली. वाट आणि हिशेब दोन्ही. त्यानंतरही टोळ्या संपायला वर्षे गेली, पण मला तो प्रयत्न पहिल्यापेक्षा पक्का वाटतो.

कोत

सैन्याबाहेरच्या वाचकासाठी सांगतो. कोत म्हणजे युनिटचा हत्यारखाना. जगात सर्वांत जास्त बंदुका एकत्र असलेल्या जागांपैकी छावणी एक, पण तिथे कोणाचीही स्वतःची बंदूक नसते. जवानाला रायफलचा नंबर तोंडपाठ असतो, पण रायफल सरकारची. रजिस्टरात सही करून घ्यायची, सही करून परत द्यायची. रेंजवर जितक्या गोळ्या नेल्या तितके रिकामे खोके परत यायला हवेत. एक कमी पडले तर अख्खी कंपनी उन्हात गवत चाळत बसते. मी स्वतः कॅडेट असताना एका खोक्यासाठी अंधार पडेपर्यंत गुडघ्यांवर शोधले आहे. तेव्हा वाटायचे, पितळेच्या एका तुकड्यासाठी एवढे? पण एवढे सगळे असूनही रागाच्या किंवा निराशेच्या भरात सहकाऱ्यावर किंवा स्वतःवर गोळी चालवल्याच्या दुर्दैवी घटना आपल्याकडेही घडतात. प्रशिक्षित, शिस्तीतल्या माणसाचीही ती एक वाईट रात्र असते. मग कुलूप नसलेल्या घराचे काय?

म्हणून माझे मत असे झाले आहे. बंदुका किती, हा अर्धा प्रश्न. कोणाला, हा इंग्रजांनी शिकवलेला प्रश्न. तो आपण अजून वंश, वजन आणि ओळख पाहून सोडवतो. उरलेला प्रश्न : ही बंदूक आत्ता कुठे आहे, किल्ली कोणाकडे आहे, आणि गोळी सुटली तर उत्तर कोण देणार?

सही

मी हवालदाराला बोलावले. कागदावर बोट ठेवून विचारले, “घर म्हणजे घरात कुठे?”

“बाबूजींची जिथे असायची तिथेच, साहब. बैठकीतल्या खुंटीला.”

“बाबूजींच्या बंदुकीचे काय झाले?”

तो जरा थांबला. मग सांगितले. बारा वर्षांपूर्वी बांधावरून चुलत्यांशी भांडण झाले. तो रजेवर नव्हता, सीमेवर होता. धाकट्या भावाने खुंटीवरची बंदूक ओढली. चुलतभाऊ जागीच गेला. भाऊ ग्वाल्हेरच्या तुरुंगात आहे, बंदूक जप्तीत. परवाना बाबूजींचा, कायदेशीर, दर वेळी वेळेवर नूतनीकरण केलेला.

“आणि तरी तुम्हाला बंदूक हवी?”

“साहब, गनमॅनची नोकरी बंदुकीशिवाय मिळत नाही. नुसत्या गार्डला निम्मा पगार. मुलगी बारावीत आहे.”

त्याला उत्तर माझ्याकडे नव्हते. माजी सैनिकांपैकी कितीतरी जण आपल्या खर्चाने घेतलेली दुनाळी खांद्याला लावून बँका आणि गोदामे राखतात, त्यांच्या पेन्शनला तोच आधार आहे. प्रतिष्ठेसाठी बंदूक घेणाऱ्याला एक न्याय आणि पोटासाठी घेणाऱ्याला दुसरा, असे कायदा म्हणत नाही. म्हणू शकतही नाही.

मी एवढेच म्हणालो की लोखंडी कपाट घेऊन, भिंतीत पक्के करून, पावती आणि फोटो आणा. काडतुसे वेगळ्या कुलपात. दोन्ही किल्ल्या कोणाकडे राहतील ते लिहा. कायद्याने मला हे मागण्याचा फारसा अधिकार होता असे नाही. तो दहा दिवसांच्या रजेवर गेला आणि फोटो घेऊन आला. किल्ली त्याच्या बायकोकडे राहणार होती. खाली तिची सही होती, हिंदीत, थरथरत्या अक्षरात. मी सेवेचा दाखला जोडून कागद पुढे पाठवले.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत त्याचा फोन आला. नोएडाला एका गोदामावर लागला होता. आचारसंहितेमुळे ठाण्याने बंदूक जमा करायला सांगितली, एजन्सीने तोवर त्याला लाठीवर टाकले आणि पगार कापला. हे काही ठीक नाही, असे त्याचे म्हणणे. मलाही ते ठीक वाटले नाही. सरसकट सर्वांची हत्यारे जमा करण्याऐवजी छाननी समितीने एकेक प्रकरण पाहायचे असते, त्यासाठी अर्ज करा, असे त्याला सांगितले.

“जमा केल्याची पावती घेतली ना?” मी विचारले.

“घेतली, साहब. नंबर टाकून, सही-शिक्का घेऊन. कोतसारखी.”

“कुठे ठेवली?”

“कपाटात. किल्ली तिच्याकडे आहे.”